एक्सरेवाले भाऊजी

डोळ्यांना न दिसणाऱ्या एका वस्तूच्या मागे लागून डोळ्यांसमोरच्या सगळ्या वस्तू हरवणारा माणूस अख्ख्या झाडीपट्टीत एकच निपजला, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीच्या वाट्याला आला. आमचे भाऊजी ब्रह्मपुरीला एका कॉलेजात फिजिक्स शिकवतात. चष्मा ते साधारण महिन्याला एक हरवतात. छत्री, डबा, किल्ल्या यांची तर गणतीच नाही. एकदा त्यांनी स्कूटर हरवली. बाजारात स्कूटरने गेले, कसल्याशा विचारात पायी घरी आले, आणि दोन दिवसांनी पोलिसांत तक्रार द्यायला निघाले तेव्हा भाजीवालीनेच त्यांना रस्त्यात अडवून विचारलं, "सर, तुमची गाडी माह्या दुकानासमोरून कवा नेता?" दुसऱ्या एका सकाळी त्यांनी घराला बाहेरून कुलूप लावलं आणि कॉलेजात निघून गेले. ताई शाळेत शिकवते, पण त्या वेळी ती आत आंघोळ करत होती. शेजारणीने खिडकीच्या गजांतून तिला चहा दिला, मग शाळेत निरोप धाडला, आणि ताई दुपारपर्यंत स्वतःच्याच घरात कोंडून बसली. संध्याकाळी तिने जाब विचारल्यावर भाऊजी म्हणाले, "घर शांत होतं, म्हणून मले वाटलं तू गेली शाळेत." ताई म्हणते, एवढ्या वर्षांच्या संसारात यांना घराकडे लक्ष द्यायची एकदाच बुद्धी झाली, आणि तीही अशी.

मी गडचिरोलीला सरकारी दवाखान्यात नर्स आहे. एटापल्ली, धानोरा, पुन्हा एटापल्ली असं करत करत इथे येऊन टेकले, त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. माझ्या दोन्ही टाचा दुखतात, आणि ड्युटी संपल्यावर मला कुणी बोललेलं आवडत नाही. भाऊजींची मला सवय आहे, माया आहे. पण ते वॉर्डच्या दारात दिसले की मी आधी त्यांच्या मागे कोण आहे ते बघते, हेही खरं. कारण ते कधीच एकटे येत नाहीत.

त्याचं मूळ त्यांच्या अभ्यासात आहे. माझी भाची जन्मली त्या वर्षी भाऊजींनी पीएच.डी.साठी नाव नोंदवलं. भाची शिकली, नोकरीला लागली, तिचं लग्न झालं. भाऊजींचे पहिले गाईड रिटायर झाले, दुसरे परगावी गेले, तिसरे वयाने भाऊजींपेक्षा लहान निघाले, आणि अभ्यास चालूच राहिला. विषय होता एक्सरे नोव्हा. तो त्यांनी मला एकदा तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, उभं करून समजावला होता. आकाशात एक मेलेला, भयंकर जड तारा असतो, तो दिसत नाही. त्याच्या शेजारी एक साधा तारा असतो, आणि हा जड तारा त्याच्यातला वायू ओढून स्वतःभोवती साठवत राहतो. "पानी साचते पाह्य, साचते, साचते. दहा-दहा, वीस-वीस वर्षं काईच होत नाई. आनि एक दिवस पाळ फुटते!" असं म्हणून त्यांनी हात एवढ्या जोराने फेकले की हातातली भाजीची थैली तलावात गेली. पाळ फुटली की तो वायू आत कोसळतो, तापतो, आणि काही आठवडे तो तारा एक्सरेमध्ये बाकीच्या आकाशाला दिपवून टाकतो. मग विझतो. ही सगळी दिवाळी साध्या डोळ्यांना दिसत नाही, आणि जमिनीवरच्या दुर्बिणीलाही नाही, कारण एक्सरे हवेतून खाली पोचतच नाहीत. ते पाहायला हवेच्या वर फिरणारा उपग्रह लागतो.

आता हे लोकांना कसं सांगायचं? ताऱ्यांचा अभ्यास करणारा माणूस म्हणजे रात्र-रात्र जागणारा, अशी लोकांची समजूत. आमचे भाऊजी साडेआठला झोपतात. एका आश्रमशाळेने त्यांना आकाशदर्शनाला बोलावलं, तेव्हा हेडमास्तरांनी मोठ्या कौतुकाने विचारलं, "सर, तुमचा तारा कोणता?" भाऊजींनी दोन चांगल्या ठसठशीत ताऱ्यांमधल्या काळ्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "इथी आहे." पोरांनी त्या रिकाम्या जागेकडे पाहून टाळ्या वाजवल्या. जेवणाची पानं वाढून होईपर्यंत भाऊजी जीपमध्ये घोरत होते.

त्यांचं खरं काम चालायचं भर दुपारी, पाण्याच्या टाकीखाली. उपग्रहांनी जमा केलेली जुनी माहिती कुणालाही उतरवून घेता येते, पण ब्रह्मपुरीत तेव्हा नेटवर्क धड मिळे ते त्या टाकीपाशीच. कॉलेज सुटलं की भाऊजी मांडीवर लॅपटॉप घेऊन टाकीच्या सावलीत बसत, आणि सावली सरकेल तसे सरकत. फाइल शेवटाला येऊन अडकली की इतका मोठा सुस्कारा टाकत की पाणी भरायला आलेल्या बाया विचारत, "सर, घरी सगळं बरं हाये ना?"

या बायांनीच पुढचा घोटाळा केला. सर एक्सरेचा अभ्यास करून राह्यले, ही बातमी टाकीवरून वस्तीत, वस्तीतून बाजारात आणि बाजारातून खेड्यांत गेली, आणि लोक आपापल्या एक्सरेचे लिफाफे घेऊन भाऊजींच्या दारात यायला लागले. मोडलेले हात, सरकलेले मणके, सरपंचाचा गुडघा. एकाने तर बैलाच्या खुराचा एक्सरे कुठे निघतो तेही विचारून घेतलं. भाऊजी सगळ्यांना खरं ते सांगत, "मले याच्यातलं काई समजत नाई हो." ते कुणाला पटत नसे, मोठा माणूस आहे, म्हणून नम्रपणे बोलतो, एवढाच अर्थ लोक काढत. शिवाय भाऊजींची एक खोड अशी की एक्सरे हातात आला की तो खिडकीच्या उजेडात धरून पाहिल्याशिवाय त्यांना राहवत नसे. पाहता पाहता त्यांचा चेहरा उजळायचा. कंबर मोडलेल्या एका म्हाताऱ्याला ते म्हणाले होते, "वा! काय सुंदर आहे!" म्हाताऱ्याने घाबरून विचारलं, "मोडली का नाई?" तर म्हणाले, "ते डॉक्टर सांगन. पन एक्सरे लय छान निघाला."

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण आलेल्या माणसाला तसंच परत पाठवणं त्यांच्याने होत नसे. मग ते त्याला घेऊन बसने गडचिरोलीला माझ्याकडे यायचे. महिन्यातून दोनदा, कधी तीनदा. केसपेपर काढायला रांगेत स्वतः उभे राहायचे आणि मला दारातून हाक मारायचे, "सिस्टरबाई, एक छोटंसं काम होतं." त्या छोट्याशा कामात माझं जेवण जायचं.

हे असं चाललं असताना एके वर्षी भाऊजींना उपग्रहाचा वेळ मंजूर झाला. उपग्रह कुणाच्या मालकीचा नसतो. कोणता तारा, केव्हा, किती वेळ पाहायचा यासाठी अर्ज करावा लागतो. भाऊजींचा एक ठरलेला तारा होता. तो पूर्वी एकदा भडकला होता आणि पुन्हा भडकेल असा त्यांचा हिशेब होता. पाळ फुटते ते पहिले काही तास कुणालाच नीट पाहायला मिळालेले नाहीत, तेच आपल्याला हवेत, असं त्यांनी अर्जात लिहिलं होतं. तीन वर्षं नकार आला. चौथ्या वर्षी होकार आला: तारा भडकल्याची बातमी आली की लगेच मागणी पाठवा, आम्ही उपग्रह तिकडे वळवू. ताईने पेढे वाटले. गल्लीला वाटलं, सरांचं प्रमोशन झालं.

आणि मे महिन्यातल्या एका सकाळी तो तारा भडकला.

भाऊजी तेव्हा गडचिरोलीच्या बसमध्ये होते. शेजारी तानीबाई. ही धानोऱ्याकडच्या जंगलातल्या एका गावची गोंड बाई. तिची मुलगी भाऊजींच्या वर्गात शिकत होती, आणि आई दोन महिन्यांपासून खोकते म्हणून तिने आईला एक्सरेसकट सरांकडे आणलं होतं. मुलीची त्या दिवशी प्रॅक्टिकलची परीक्षा, म्हणून सरच आईला घेऊन निघाले. लॅपटॉप घरी राहिला होता, कारण हातात तानीबाईचं गाठोडं होतं. वाटेत आरमोरीच्या स्टँडवर बस थांबली आणि भाऊजींच्या मोबाइलवर संदेश आला. आकाशावर सतत नजर ठेवणाऱ्या एका उपग्रहाने त्यांचा तारा उजळायला लागल्याचं कळवलं होतं. समोरच्या फलाटावर ब्रह्मपुरीला परत जाणारी बस उभी होती.

यातलं मला काहीच ठाऊक नव्हतं. त्या दिवशी दोन जणी रजेवर होत्या, मी आदल्या दुपारी घरी जाऊन पुन्हा रात्रीला आले होते आणि सकाळचीही ड्युटी माझ्याच गळ्यात पडली होती. दहाच्या सुमारास भाऊजी तानीबाईला घेऊन दारात उभे राहिले. "सिस्टरबाई, एक छोटंसं..." एवढंच ते म्हणाले असतील, आणि माझा तोल गेला. सगळ्या वॉर्डदेखत मी ओरडले, "भाऊजी, किती पेशंट आनसान तुमी? मी मानूस नाई का? तुमाले कामधंदा नसन, मले आहे!"

भाऊजींनी मान हलवली. "बरोबर आहे," म्हणाले, आणि जाऊन रांगेत उभे राहिले.

डॉक्टरांनी एक्सरे पाहिला. डाव्या फुफ्फुसात वरच्या बाजूला पोकळी दिसत होती; टीबीची लक्षणं. थुंकी तपासायची, भरती करायची. भरतीचं नाव काढताच तानीबाई उठून उभी राहिली. बिडीसाठी तेंदूपत्ता तोडायचे दिवस होते, आणि ते जेमतेम दोन आठवडे टिकतात. "पत्ता कोन तोडन?" ती म्हणाली. "मी जातो. पावसाळ्यात येईन." मी समजावलं, डॉक्टरांनी समजावलं, ती गाठोडं उचलून दाराकडे निघाली. भाऊजी तिच्या मागे व्हरांड्यात गेले. त्यांनी एक्सरे लिफाफ्यातून काढून उजेडात धरला. या वेळी ते सुंदर वगैरे काही म्हणाले नाहीत.

"तानीबाई," ते म्हणाले, "मी पंचवीस वर्षांपासून एक्सरे पाहून राह्यलो. माह्या एक्सरेतलं कोनीच बरं होत नाई. ते लय दूर आहे, त्याले हात लावता येत नाई. तुमच्या एक्सरेतलं बरं होते. राहा."

तानीबाईने गाठोडं खाली ठेवलं. मग म्हणाली, "तुमी बसान तं राहीन. पोरगी येवोपर्यंत."

पोरगी येणार होती दुसऱ्या दिवशी. भाऊजी म्हणाले, "बसतो." मी त्यांच्या हातात मास्क दिला आणि माझ्या कामाला लागले. खरं सांगायचं तर मला राग होता तो होताच.

दोन वाजता ड्युटी संपवून मी बाहेर आले, तर आवारातल्या कडुलिंबाखाली भाऊजी मोबाइल पुढ्यात धरून मोठ्याने बोलत होते. "निळी वही! निळ्या वहीत पाह्य!" पलीकडून ताईचा आवाज येत होता, "अवो, अकरा वह्या आहेत, अन् सगळ्याच निळ्या आहेत!"

तेव्हा मला सगळं कळलं. मागणीचा फॉर्म इंटरनेटवर भरायचा होता, त्याला पासवर्ड लागत होता, तो वहीत लिहिलेला होता, आणि ताई शाळेत उन्हाळी वर्ग घेत असल्यामुळे एक वाजेपर्यंत तिचा फोन पर्समध्ये बंद होता. सकाळी नऊ वाजल्यापासून हा माणूस हे पोटात घेऊन रांगेत उभा होता, तानीबाईजवळ बसला होता, आणि मी त्याला कामधंदा नाही म्हणाले होते.

"सापडला!" ताई ओरडली. "पन हे तं माहं नाव आहे!"

"हो, तेच."

"बायकोचं नाव विसरले तुमी?"

"नाव नाई विसरलो. त्याच्यापुढचे आकडे विसरलो."

ताईने पुढचं वाचलं. "आकडे तं... अवो, ही तं आपल्या लग्नाची तारीख आहे!"

भाऊजींनी माझ्याकडे असं पाहिलं की मला दमलेल्या अंगाने हसू फुटलं. मी माझा मोबाइल काढून त्यांना दिला. त्याला नेटवर्क बरं होतं, पण काचेला तडा गेलेला होता. त्या तड्यातून एका बोटाने ते फॉर्म भरत बसले. कारण लिहा, किती वेळ हवा ते लिहा, जुना मंजुरीचा कागद जोडा. कागद मिळवायला नागपूरच्या गाईडना फोन, त्यांनी तो पाठवायला तासभर. मधेच दोनदा उठून तानीबाईला तोंड दाखवून आले. मी घरी जाऊन झोपणार होते, गेले नाही. कडुलिंबाखालच्या ओट्यावर त्यांच्याशेजारी बसून राहिले आणि कुणी हाक मारली की "सर कामात आहेत" असं सांगत राहिले. पाचच्या सुमारास फॉर्म गेला.

उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी आलं. त्याच ताऱ्यासाठी दुसऱ्या एका गटाने दुपारीच तातडीची मागणी केली होती. उपग्रह वळलाही होता. निरीक्षणं सुरू होती, पण त्यांच्या नावावर. भाऊजींना ती बाकीच्या जगाबरोबर वर्षभराने मिळणार होती. भाऊजींनी पत्र दोनदा वाचलं. "चाला," म्हणाले, "कोनी तरी पाहून राह्यले." मग आत गेले आणि तानीबाईच्या थुंकीचा रिपोर्ट आला का, ते विचारलं. दुपारी तिची मुलगी आली, तेव्हा ते चार वाजताच्या बसने परत गेले.

तारा दीड-दोन महिने जळला. त्या दिवसांत भाऊजी टाकीखाली बसत नसत. कॉलेजातून थेट घरी येत आणि ताईला भाजी निवडू लागत. ताई फोनवर म्हणाली, "घरातल्या सगळ्या वस्तू जागच्या जागी आहेत. मले चांगलं नाई वाटून राह्यलं." तानीबाईने सहा महिने गोळ्या घेतल्या. बरी झाली, अंगाने भरली, आणि एक दिवस सरांच्या घरी चारोळीची पुडी देऊन गेली. वर्षाने निरीक्षणं खुली झाली, भाऊजी पुन्हा टाकीखाली जाऊन बसले, आणि त्यातून त्यांनी एक लहानसा शोधनिबंध आणि नंतर उरलेला प्रबंध पुरा केला. ते डॉक्टर झाले. ताईने हौसेने दारावर तशी पाटी लावली, आणि एक्सरेवाल्यांची रांग दुप्पट झाली.

यंदा दिवाळीनंतर मी दोन दिवस ब्रह्मपुरीला गेले होते. भाऊजींना रिटायर व्हायला थोडेच महिने उरलेत. दुपारी ओसरीत चहा पिताना त्यांनी मला प्रबंधातलं एक पान दाखवलं. खाली वेळ, बाजूला उजेड. ठिपक्यांची रेघ सरसर वर चढत गेलेली. पण ती रेघ तळापासून नव्हती. सुरुवातीला थोडी मोकळी जागा होती.

"हे काऊन रिकामं आहे?" मी विचारलं.

"ते त्या दिवशीचं आहे. सकाळ ते संध्याकाळ. तवा कोनीच पाहून नोयतं राह्यलं." ते पानावरून बोट फिरवत म्हणाले. "पाळ फुटली ती इथी. मले तेच पाहाचं होतं."

"आरमोरीले उतरले असते तं?"

"उतरलो असतो तं तानीबाई बी उतरली असती."

मी त्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं. मग म्हटलं, "अन् मी सकाळी तुमच्यावर ओरडली नसती, तवाच माहा मोबाइल मागितला असता तुमी..."

"पासवर्ड कुठी होता तवा? ते नको मनात ठेवू." ते पान मिटता मिटता थांबले. "तू पहिले कवा ओरडली नोयतीस. म्हनलं, ही पोरगी लय थकली. म्हनून नाई सांगितलं."

"वाईट वाटते, भाऊजी?"

"वाटते ना," ते म्हणाले. "रोज नाई वाटत. पेपर तपासतानी वाटते कधी." आणि गार झालेला चहा एका घोटात पिऊन टाकला.

"आता तो पुन्हा कवा भडकन?"

"भडकन पंधरा-वीस वर्षांनी. कोनी पाहीन."

चारच्या बसवर ते मला पोचवायला आले. माझी पिशवी त्यांनीच धरली होती, वर चढवून दिली, आणि पोचल्यावर फोन कर म्हणून तीनदा सांगितलं. मी खिडकीजवळ बसले. तेवढ्यात शेजारी वडशाची बस येऊन लागली, कुणीतरी भाऊजींशी बोललं, ते वळले, आणि आमची बस हलली तेव्हा मला दिसलं की ते त्या वडशाच्या बसकडे बघून हात हलवताहेत. चेहरा भरून आलेला, चष्मा नाकावर घसरलेला, आणि हात मनापासून वर. त्या बसमधली एक अनोळखी म्हातारीही त्यांना हात हलवून निरोप देत होती. हाक मारावी असं एकदा वाटलं, पण मारली नाही. वळणाआड जाईपर्यंत मीही इकडून त्यांच्या पाठीकडे बघत हात हलवत राहिले.